शस्त्रक्रिया झालेली कंबर आणि कटिबस्ती

घोडबंदर रोडवरील आमच्या चिकित्सालयात कंबरेची शस्त्रक्रिया होऊन गेलेले रुग्ण वेदना उरली म्हणून येतात. अशा वेळी गृध्रसी समजून कटिबस्ती व योगराज गुग्गुळ सुरू करण्याचा मोह होतो. आम्हालाही एकदा झाला. त्या रुग्णाचे डोके उठून बसताच दुखे, आडवे होताच थांबे. आम्ही ते पित्तज मानले. डिस्चार्ज कार्डावरील ‘ड्युरा फाटला, शिवला’ ही ओळ मात्र दुसऱ्या भेटीत वाचली.

मेरुरज्जू व नाडीमूलांभोवतीचे हे आवरण अनवधानाने फाटणे ही शल्यतज्ज्ञांस परिचित घटना आहे. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या जागी व्रणवस्तूमुळे तिचा संभव वाढतो. तेवढ्यावरून कोणास दोषी धरू नये. वेळीच नीट शिवल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. द्रव झिरपत राहिल्यास मात्र त्वचेखाली त्याची थैली बनते, जंतुसंसर्गाने मस्तिष्कावरणशोथ होऊ शकतो. क्वचित अरॅक्नॉइडायटिस होऊन नाडीमूले परस्परांस चिकटतात आणि पायांचा दाह वर्षानुवर्षे राहतो. कुकुंदर मर्माच्या आघाताने अधःकायाची संवेदना व चेष्टा जाते, असे सांगून सुश्रुताचार्यांनी त्यास वैकल्यकर म्हटले, ते येथे आठवते.

जुन्या व्रणाजवळ मऊ फुगवटा आढळल्यास कटिबस्ती, मर्दन, स्वेदन काहीही न करता रुग्णास एमआरआयसाठी पाठवावे. मूत्र अडल्यास वा गुदाभोवती बधिरता आल्यास त्याच दिवशी रुग्णालयात. औषधालयचालकांनीही तेलाची बाटली देण्यापूर्वी ‘ऑपरेशन झाले आहे का?’ एवढे विचारावे.

आमच्या रुग्णाची थैली पुन्हा शस्त्रक्रिया करून बंद केली. डोकेदुखी थांबली, डाव्या पावलाची बधिरता अद्याप आहे.