खोदकाम-फरसबंदीचा व्यवसाय : परवाना कोणता, तयारी कशाची?

नोकरी सोडून एखादा छोटा डिगर घ्यावा आणि ड्राइव्हवे, अंगण यांच्या फरसबंदीची कामे करावीत, असा विचार आपल्यापैकी काही कुटुंबांत चालू असतो. पहिला प्रश्न ठरलेला : परीक्षा कुठे द्यायची? मी सॉफ्टवेअरवाला, पण एका मित्रासाठी जमवलेली ही माहिती इतरांनाही उपयोगी पडावी.

अमेरिकेतील नातेवाइकांचा सल्ला इथे लागू पडत नाही. कॅलिफोर्नियात या कामासाठी ‘सी-१२’ नावाचा खास परवाना आहे. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागतो आणि कायदा-व्यवसायाचा एक व प्रत्यक्ष कामाचा एक, असे दोन पेपर द्यावे लागतात. न्यूझीलंडमध्ये असा एकच परवाना नाही. इथे कामानुसार वेगवेगळे कागद लागतात आणि त्यांपैकी बरेच पाठांतराने नव्हे, केलेल्या कामाच्या पुराव्याने मिळतात.

यंत्र सार्वजनिक रस्त्यावर चालवायचे असेल तर वाहन परवान्यावर ‘व्हील्स’, ‘ट्रॅक्स’ किंवा ‘रोलर्स’ हा शेरा हवा. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा अभ्यासक्रम असतो. घराच्या पायाचे काम मात्र वेगळे. २००४ च्या बिल्डिंग ॲक्टखाली घराच्या मुख्य रचनेचे काम १ मार्च २०१२ पासून ‘लायसन्स्ड बिल्डिंग प्रॅक्टिशनर’नेच करायचे किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हायचे असते. त्यात ‘फाउंडेशन्स’ हा स्वतंत्र वर्ग आहे. अर्जात केलेल्या कामांचे तपशील आणि खात्री देणाऱ्यांची नावे द्यावी लागतात, आणि परीक्षक तुमच्याशी बोलून पारख करतो. साधी अंगणाची फरसबंदी या कक्षेत येत नाही.

भारतातील सिव्हिलच्या पदवीचे मूल्यमापन एनझेडक्यूएकडून करून घेता येते. नोकरीसाठी ते उपयोगी आहे. पण पदवी म्हणजे यंत्र चालवण्याचा परवाना नव्हे.

आता अभ्यासाचे. हिशेबाचा एक नमुना पाहा. १० मीटर लांब, ३ मीटर रुंद ड्राइव्हवेसाठी १५ सेंटिमीटर खोदले तर ४.५ घनमीटर माती निघते. पण खोदलेली माती फुगते. फुगवटा २५ टक्के धरला तर ट्रकमध्ये सुमारे ५.६ घनमीटर भरावी लागेल. उलट, भरावाची खडी धुमस केल्यावर दबते, म्हणून ती मोजमापापेक्षा जास्त मागवावी लागते. हे विसरून दर दिला, तर फरक आपल्याच खिशातून जातो.

सुरक्षिततेचे नियम तर तोंडपाठच हवेत. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. चर ढासळला तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही. १९९५ च्या नियमांनुसार दीड मीटर वा अधिक खोल खोदकामाला आधार देणे किंवा बाजू सुरक्षित उताराने कापणे, हे काम देणाऱ्यावर बंधनकारक आहे. दीड मीटरहून खोल आणि रुंदीपेक्षा जास्त खोल अशा चरात माणूस उतरणार असेल, तर वर्कसेफला किमान २४ तास आधी कळवावे लागते. खोदण्यापूर्वी ‘बिफोर-यू-डिग’ सेवेकडून जमिनीखालील केबल आणि पाइप यांचे नकाशे मागवावेत.

दुसरा धोका धुळीचा. काँक्रीटचे पेव्हर कोरडेच कापले की सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी सोडून कापावे, शिवाय योग्य मास्क वापरावा. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी. बारा महिन्यांत ६०,००० डॉलरहून जास्त उलाढाल होणार असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची आहे. एसीसीची वर्गणीही स्वयंरोजगारवाल्याला स्वतः भरावी लागते. दुखापत झाल्यास आठवड्याची भरपाई साधारणपणे दाखवलेल्या उत्पन्नाच्या ८० टक्के असते. म्हणून उत्पन्न कमी दाखवले तर अपघातानंतर घरही कमी पैशांत चालवावे लागते. रक्कम आधीच ठरवून घ्यायची असेल तर ‘कव्हरप्लस एक्स्ट्रा’ची चौकशी करावी.

थोडक्यात, या व्यवसायाची तयारी म्हणजे नोंदींची वही. शक्यतो आधी एखाद्या कंत्राटदाराकडे काम करावे. प्रत्येक कामाची तारीख, जागा, खोली, वापरलेले यंत्र, फोटो आणि खात्री देणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. सिव्हिल ट्रेड्सचे ऐच्छिक प्रमाणपत्र घ्यायचे ठरवले तरी प्रत्यक्ष कामाचे हजारो तास दाखवावे लागतात. घरची पुंजी डिगरमध्ये घालण्यापूर्वी ही वही निदान अर्धी भरलेली असावी.