हजार पट वेगाची मेमरी दहा पटींवर का थांबली?

28 जुलै 2015 रोजी इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी ‘थ्रीडी क्रॉसपॉइंट’ ही नवी मेमरी जाहीर केली. संगणकाची मुख्य मेमरी, म्हणजे डीरॅम, वेगवान, पण वीज गेली की सारे विसरते. एसएसडीतली नँड फ्लॅश लक्षात ठेवते, पण फारच संथ. या दोहोंमधली दरी नवी मेमरी बुजवणार होती. नँडपेक्षा हजार पट वेगवान, हजार पट टिकाऊ, असा दावा होता.

2017 मध्ये ती ‘ऑप्टेन’ नावाने एसएसडीत आली. नँडच्या एसएसडीला माहितीचा छोटा तुकडा शोधून द्यायला साधारण शंभर मायक्रोसेकंद लागत, ऑप्टेनला दहा. फरक मोठाच, पण हजार पटींचा नव्हे.

दावा खोटा म्हणता येणार नाही. तो एकेका मेमरी सेलपुरता होता. प्रत्यक्षात प्रोसेसरची मागणी ऑपरेटिंग सिस्टीम, पीसीआय एक्स्प्रेस आणि कंट्रोलर ओलांडून सेलपर्यंत पोचते आणि उत्तर त्याच वाटेने परतते. साताऱ्याहून सांगलीला निघालेली गाडी महामार्गावर कितीही पळाली, तरी पेठ नाक्यापुढे आष्ट्याच्या रहदारीत तिचा वेग रस्ताच ठरवतो.

मग 2019 मध्ये इंटेलने ऑप्टेन थेट रॅमच्या खाचेत बसवली. वाट आखूड झाली, पण आता गाठ डीरॅमशी होती. विखुरलेली माहिती वाचायला ऑप्टेनला सुमारे 300 नॅनोसेकंद लागत, म्हणजे डीरॅमच्या तिप्पटीहून जास्त. मोठ्या प्रमाणावर माहिती लिहिण्यात तर ती आणखी मागे. शिवाय नँड स्वस्त होत गेली. 2021 मध्ये मायक्रॉन बाहेर पडली. 2022 मध्ये इंटेलने हा व्यवसाय गुंडाळायचे ठरवले आणि पडून राहिलेल्या मालापोटी 55.9 कोटी डॉलर तोट्यात दाखवले. विखुरलेली माहिती तत्परतेने देण्यात नँडला सहज मागे टाकणारी ही मेमरी बाजारात अपयशी ठरली, याचे वाईट वाटते.

मेमरिस्टर या माहिती लक्षात ठेवणाऱ्या दुसऱ्या नव्या घटकाचेही तसेच झाले. 2008 मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने तो दाखवला, 2013 पर्यंत बाजारात आणण्याची आशा होती; ती फळली नाही. सातारा-सांगलीची कित्येक महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात, त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मेमरिस्टरवर संशोधन चालते. तिकडे वळू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक नव्या आकड्याला आधी विचारावे: हा वेग एका सेलचा, की सगळ्या संगणकाचा?