खोक्यांचे गणित

आमचे जांबोटीत किराणा व खताचे छोटे दुकान आहे. त्याचा माल काका बेळगावच्या रविवार पेठेतून टेंपोने आणीत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, जुलैच्या सुरुवातीस, माल भरून घेण्याचे काम त्यांनी एकदा माझ्यावर सोपविले. पेठेतले वयस्क हमाल मामा काही गठ्ठे टेंपोत चढवीत आणि काही नुसतेच भिंतीकडेला ठेवीत. मला तो आळस वाटला. मी घाई केली आणि जे पुढे आले ते आत रचीत गेलो. हौदा भरला तेव्हा खताची चार पोती रस्त्यावरच उरली होती. आत मात्र खोक्याखोक्यांमधून हात फिरेल एवढ्या फटी होत्या!

ती पोती दोन दिवसांनी जांबोटीला पोचली. रोपलावणीसाठी माणसे सांगून बसलेल्या शेजाऱ्याचे दोन दिवस वाया गेले. तो काही बोलला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. मामा भरतानाच म्हणाले होते, "आलं की भरायचं नाही, बाळ. जरा बाजूला ठेव की. मागनं काय येतंय ते बघ."

पुढे संगणकशास्त्र शिकताना कळले, की मामांचे हे बोल म्हणजे एका नामांकित गणिती प्रश्नावरचा तोडगाच आहे. त्याची ओळख वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न दिसायला सोपा आहे. निरनिराळ्या आकाराच्या वस्तू सारख्या मापाच्या कमीत कमी पेट्यांत कशा बसवाव्यात? समजा, प्रत्येक पेटीत 10 किलो मावते आणि वस्तू 4, 4, 4, 6, 6, 6 किलो या क्रमाने येतात. आल्या क्रमाने, जिथे प्रथम जागा मिळेल तिथे टाकत गेलो, तर पहिल्या पेटीत 4 व 4, दुसरीत 4 व 6, तिसरीत 6 आणि चौथीत 6 असे होते. पेट्या लागल्या 4. आता मोठ्या वस्तू आधी घेऊ. तीन पेट्यांत एकेक 6 ठेवला आणि प्रत्येकीत एकेक 4 टाकला, की 3 पेट्यांत काम भागते.

मग नेहमीच 'मोठे आधी' म्हणावे का? तसेही नाही. 4, 4, 3, 3, 3, 3 या वस्तू घ्या. मोठे आधी घेतले तर 4 व 4 एका पेटीत, तीन 3 दुसरीत आणि उरलेला 3 तिसरीत जातो. वास्तविक 4, 3, 3 अशा दोनच पेट्या पुरतात. तरीही ही रीत फार फसवीत नाही. डेव्हिड जॉन्सन या अमेरिकन गणितज्ञाने 1973 साली सिद्ध केले, की वस्तू पुष्कळ असल्या तरी या रीतीने लागणाऱ्या पेट्या सर्वोत्तम संख्येच्या 11/9 पटीहून फारशा वाढत नाहीत. मग सगळ्या शक्यता तपासून सर्वोत्तम उत्तरच का शोधू नये? कारण 10 खोकी 36,28,800 क्रमांनी लावता येतात आणि 20 खोक्यांच्या क्रमांची संख्या 19 आकडी होते!

भिवंडीजवळच्या मोठमोठ्या गोदामांसारख्या ठिकाणी हाच प्रश्न रोज उभा असतो. स्वयंचलित व्यवस्थेत पार्सले सरकत्या पट्ट्यावरून येतात. वर बसविलेले यंत्र पत्त्याची खूण वाचते, लांबी, रुंदी, उंची व वजन मोजते आणि पार्सल त्या त्या गावाच्या पिंजऱ्याकडे वळविते. मुंबईचे डबेवालेही खुणा पाहूनच डबे वाटतात, पण डबे साधारण सारख्या आकाराचे असतात. पार्सलांचे तसे नाही. शिवाय पट्ट्यावर मागून काय येणार हे ठाऊक नसेल, तर 'मोठे आधी' म्हणणार तरी कसे?

यावर मुख्य उपाय दोन. पहिला, मोजणी पट्ट्याच्या अगदी आरंभी करावी, म्हणजे पुढच्या पिंजऱ्याला येणाऱ्या मालाची आगाऊ वर्दी मिळते. दुसरा उपाय मामांचा, म्हणजे थोडी विसाव्याची जागा राखावी. आपलेच उदाहरण घ्या. पहिले दोन 4 बाजूला ठेवले आणि तिसरा 4 पेटीत टाकला. मग 6 आला, तो त्या पेटीत बसला. पुढच्या प्रत्येक 6 बरोबर बाजूचा एकेक 4 गेला. पेट्या 3! केवळ दोन वस्तूंपुरत्या मोकळ्या जागेने पूर्ण माहितीचे काम केले.

अर्थात विसाव्यालाही मर्यादा हवी. जागा फुकट नसते आणि गाडी सुटण्याची वेळ ठरलेली असते. थांबून थांबून गाडीच चुकली, तर भरगच्च पिंजऱ्याचा उपयोग काय? जड खाली, नाजूक वर हा नियम आहेच. उतरविण्याचा क्रमही पाहावा लागतो. बेळगावहून जाताना जांबोटी आधी लागते आणि कणकुंबी नंतर. तेव्हा कणकुंबीचा माल आत आणि जांबोटीचा दाराशी हवा. हे सारे नियम यंत्राला कोणीतरी सांगावे लागतात, आणि ते सांगणाऱ्याने एकदा तरी स्वतः गाडी भरलेली असावी, असे मला वाटते.

अर्धवट भरलेली गाडीही डिझेल जाळते आणि घाटातून हवा वाहून नेते. मागे राहिलेल्या मालाची झळ बहुधा रस्त्याच्या टोकाच्या गावाला बसते, कारण तिथे दुसरी गाडी लवकर येत नाही. म्हणून रिकाम्या जागेचे हे गणित केवळ व्यापाऱ्याच्या नफ्याचे नाही. मी ते चार पोत्यांवरून शिकलो. आता सुट्टीत माल भरायला गेलो, की आधी भिंतीकडेची थोडी जागा मोकळी करून घेतो.