मशीन चांगलंय, कॉम्प्युटर ओळखत नाही

शहापूरच्या बाजारपेठेतल्या एका सेवा केंद्राच्या दारावर कागद चिकटवलेला होता : ‘स्कॅनर बंद आहे.’ आत टेबलावरचा स्कॅनर मात्र केबल जोडताच कर्र करून आतली पट्टी जागेवर आणत होता. मग बंद काय होतं? ते विचारायला आत गेलो आणि दुरुस्तीला आलेल्या दादांजवळ बसून राहिलो.

“मशीन चांगलंय. नवा कॉम्प्युटर 64 बिटचा, ह्याचा ड्रायव्हर 32चा,” ते म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला यंत्राशी बोलायला लावणारा प्रोग्राम.

विंडोज 10ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, तसे केंद्रांमधले कॉम्प्युटर बदलू लागले. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येते आणि 32 बिटचा ड्रायव्हर ती गाभ्यात घेतच नाही. कंपनीने 64चा लिहिला नसेल, तर काच, मोटर, पट्टा धडधाकट असूनही यंत्र भंगारात. मला हे अन्यायाचं वाटतं.

बाकावर डोळखांबकडून आलेल्या आजी होत्या. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांनी घरातल्या थोरल्यांच्या शाळेचा जुना उतारा आणला होता. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणून असा कागद सोन्याच्या मोलाचा. केंद्रातल्या ताईंनी मोबाइलवर फोटो काढून पाहिला. घडीची सावली नेमकी जातीच्या रकान्यावर. ‘आपले सरकार’ पोर्टलवर कागद 75 ते 500 केबीत बसवावा लागतो. तेवढा दाबला की फिकी शाई पुसल्यासारखी होते. स्कॅनरच्या काचेखाली कागद सपाट बसतो. दीडशे डीपीआयला, करड्या छटेत, अक्षर वाचता येतं आणि फाइल 500च्या आत राहते.

“बाळा, होईल का आज?” आजींनी विचारलं. “दोनच्या गाडीनं जायचंय.”

दादांनी मान हलवली, हात थांबवला नाही. ह्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलला 64चा ड्रायव्हर होता. आतली चिप एकच, म्हणजे भाऊच. दादांनी त्या ड्रायव्हरच्या माहितीच्या फाइलमध्ये ह्या यंत्राचा क्रमांक लिहिला. फाइलला हात लागला की तिची डिजिटल सही मोडते. म्हणून सहीची तपासणी तेवढ्यापुरती थांबवून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, ड्रायव्हर बसवला आणि तपासणी परत लावली. नेटवरचे फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’ ते हातात धरत नाहीत. त्यातून काय घुसेल, सांगता येत नाही, म्हणतात.

पुन्हा कर्र. ह्या वेळी पट्टी टोकापर्यंत गेली आणि पडद्यावर रकाना उमटला, शाईच्या फाट्यासकट. आजी गाडीला वेळेत निघाल्या.

दुपारी दादांबरोबर मुरबाडच्या सेवा केंद्रात गेलो. तिथल्या स्कॅनरला असा भाऊ नव्हता. जुन्या यंत्रांसाठी स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येणारं व्ह्यूस्कॅन 1998पासून आहे, पण त्याला पैसे पडतात. दादांनी कोपऱ्यात टाकलेला जुना कॉम्प्युटर पुसून त्यावर लिनक्स घातलं. त्यातल्या ‘सेन’ या खुल्या व्यवस्थेनं 32–64चा प्रश्नच न काढता स्कॅनर ओळखला. फाइल पेनड्राइव्हवरून न्यायची नाही, व्हायरस येतो, असं बजावून त्यांनी जुना आणि नवा असे दोन्ही कॉम्प्युटर वायरीनं जोडले. तिथल्या मुलानं वहीत पायऱ्या लिहून घेतल्या आणि रांगेतला पहिला कागद स्वतः स्कॅन केला.