पत्त्यांचा कॅट, चार माणसं आणि हरवलेलं तळं

किनारी कर्नाटकातला ताळमद्दळे हा प्रकार तुम्ही कधी पाहिलाय का? यक्षगानाचंच हे भावंड, पण यात नाच नाही, मुकुट नाही, रंगवलेले चेहरे नाहीत. भागवत पदं गातो, मद्दळे वाजतं आणि साध्या कपड्यांत मांडी घालून बसलेले कलाकार कृष्ण किंवा कर्ण होऊन एकमेकांशी वाद घालतात. प्रसंग आधीच ठरलेला असतो, बोलणं मात्र तिथल्या तिथे सुचेल तसं. आपल्या कोकणातल्या दशावतारातही असंच चालतं. कथानक आणि सोंगं ठरवून घेतात, पण संवाद पाठ करायला लिखित संहिता नसते.

आता यात एक गंमत मिसळा. कर्ण म्हणाला, "मी रथाचं चाक वर काढतो." ते निघेल की नाही, हे ना कवी ठरवणार ना कलाकार. ते ठरवणार फासा. चाक निघालं तर पुढची गोष्ट वेगळी! टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे नेमकं हेच. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. "समोर असं असं आहे, तू काय करतोस?" असं सूत्रधार विचारतो आणि खेळ सुरू होतो. स्क्रीन लागत नाही, पटही लागत नाही. शेवटी कोणी एक जिंकतही नाही, म्हणून भावंडांच्या घरात तर हा खेळ जरूर आणावा.

या खेळांचा मूळपुरुष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. पहिल्या छपाईत जेमतेम १००० खोकी होती. आज बेंगळुरूत बोर्ड गेम कॅफेंमध्ये तो खेळणारे गट सहज भेटतात. पण मी सुरुवात त्याच्यापासून करायला सांगणार नाही. मे २०२५ मध्ये डॅरिंग्टन प्रेसचा 'डॅगरहार्ट' हा नवा खेळ आलाय. कॅमेऱ्यासमोर असे खेळ खेळून प्रसिद्ध झालेल्या 'क्रिटिकल रोल' या व्हॉइस अ‍ॅक्टर मंडळींची ही प्रकाशन संस्था. मोठा संच लगेच विकत घ्यायची गरज नाही. मूळ नियम, पात्रांचे कागद आणि एक छोटी सुरुवातीची गोष्ट प्रकाशकाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. सगळं इंग्रजीत आहे, पण वाचायचं फक्त सूत्रधाराने. टेबलावर भाषा तुमची.

आशा आणि भीती

घरच्यांसाठी मी हाच खेळ का निवडला? त्याच्या दोन फाशांमुळे. दोन्ही बारा बाजूंचे, रंग वेगळे. एक आशेचा, एक भीतीचा. काही अवघड करायचं असेल तर दोन्ही एकदम टाकायचे, बेरीज करायची आणि त्यात पात्राचा गुण मिळवायचा. सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला की काम फत्ते. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०.

खरी मजा पुढे आहे. दोघांपैकी मोठा आकडा कोणत्या फाशावर पडला, तेही पाहायचं. आशा मोठी असेल तर खेळाडूला एक आशा मिळते. भीती मोठी असेल तर सूत्रधाराच्या खात्यात एक भीती जमा होते आणि काहीतरी लफडं होतं. म्हणजे काम होऊनही फाटे फुटू शकतात आणि काम फसलं तरी हाती काहीतरी लागू शकतं. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला तर मोठं यश! १४४ शक्यतांपैकी १२ वेळा हे होतं, आणि तेव्हा घरात जो आरडाओरडा होतो तो शेजाऱ्यांना ऐकू जातो.

चूक उत्तर म्हणजे गुण गेले, एवढंच शाळेत शिकलेल्या मुलांना ही 'फसलं, पण' वाली गोष्ट आधी खरीच वाटत नाही. मग ती मुद्दाम अवघड गोष्टी करून बघायला लागतात.

बारा बाजूंचे फासे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात. ते येईपर्यंत पत्त्यांचा कॅट काढा. बदाम आणि इस्पिक वेगळे करा, दोन्हींतले राजे बाजूला ठेवा. एक्का म्हणजे १, गुलाम ११, राणी १२. बदाम ही आशा, इस्पिक ही भीती. दोन्ही गड्ड्यांतून एकेक पान ओढायचं, बघायचं, परत ठेवून पिसायचं. हिशोब फाशांइतकाच चोख. आशा मोजायला चिंचोके घ्या, भीतीसाठी शर्टाची जुनी बटणं. शेंगदाणे घेऊ नका, खेळ संपायच्या आत आशा संपते.

पात्र म्हणजे भातुकलीतलं सोंग

पात्रांचे नऊ प्रकार आहेत. नावं इंग्रजी असली तरी बार्डला शाहीर, वॉरियरला लढवय्या, रेंजरला वाटाड्या म्हटलं की पोरं लगेच ओळखतात. चपळाई, ताकद, हातसफाई, अंदाज, छाप आणि ज्ञान असे सहा गुण असतात. त्यांना +२, +१, +१, ०, ०, -१ हे आकडे आपल्या आवडीने वाटायचे. उणे एक कुठे द्यायचा, यावर सगळ्यात जास्त चर्चा होते आणि होऊ द्यावी.

माझा लाडका भाग 'अनुभव'. पात्राच्या पूर्वायुष्यातल्या दोन गोष्टी आपल्या शब्दांत लिहायच्या. 'जत्रेत हरवून एकटा घरी आलेला', 'सगळ्या कुत्र्यांशी दोस्ती' असं काहीही चालतं. ती गोष्ट उपयोगी पडणार असेल तर पान ओढायच्या आधी एक आशा खर्च करायची आणि बेरजेत २ मिळवायचे. प्रत्येकाच्या हाती सुरुवातीला दोन आशा असतात.

मारामारी, जखमा, चिलखत यांचे नियम पहिल्या दिवशी उघडूच नका. त्यांच्याशिवाय दोन तास मजेत जातात.

पहिली गोष्ट छोटी आणि ओळखीची घ्या. मी बेंगळुरूला शोभेल अशी घेतली होती: गावाचं तळं एका रात्रीत कोरडं पडलंय, पाणी कोणी नेलं? टेबलाला चौघं होतो. मी सूत्रधार, माझी मावशी, तिचा बारा वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेल्या तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी. मुलगा शाळेत इंग्रजी-कन्नड, सोसायटीत हिंदी बोलतो. घरातलं मराठी त्याला समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आजींना तेवढं इंग्रजी येत नाही. त्यामुळे दोघांचं बोलणं हळूहळू "जेवलास का?" आणि "हो" एवढ्यावर आलं होतं.

तो शाहीर झाला. मावशी लढवय्यी. आजी काय होतील यावर आम्ही अंदाज बांधत होतो, तर त्या म्हणाल्या, "मला चोर व्हायचंय." अनुभवाच्या जागी त्यांनी लिहायला सांगितलं, 'भाजीवाल्यांशी घासाघीस'.

कोरड्या तळ्याच्या मधोमध मी एक म्हातारं कासव बसवलं. पाणी कुठे गेलं हे त्याला ठाऊक होतं, पण त्याला फक्त मराठी कळत होतं.

"मी त्याच्याशी डील करतो," शाहीर म्हणाला.

"डील म्हणजे काय रे बाळा?" कासवाने विचारलं.

तो थांबला. आईकडे बघितलं, तिने खांदे उडवले. शेजारून आजी हळूच म्हणाल्या, "सौदा म्हण."

"मला सौदा करायचा आहे!"

काम मध्यम, आकडा १५. बदामाची छक्की, इस्पिकची नव्वी, छाप +२. बेरीज १७. काम झालं, पण भीती मोठी. कासव म्हणालं, "सांगतो. पण तुझा आवाज मला दे." आणि शाहिराचा आवाज गेला. आता पोरगा बोलू शकत नव्हता, नुसते हातवारे! ते फक्त आजींना कळायचे, कारण लहानपणी याच खाणाखुणांनी त्याने त्यांच्याकडून लाडू उकळले होते. मग आजी बोलायला लागल्या. "आवाज आख्खा कशाला? अर्धा घे. आणि तोही उद्या सकाळी परत." त्यांनी एक चिंचोका पुढे सरकवला, पानं ओढली. बदामाची दश्शी, इस्पिकची तिर्री, अनुभवाचे २. बरोबर १५. आशा मोठी, म्हणून दिलेला चिंचोका परत आला. पाणी गेलेल्या बोगद्याची वाट कासवाने दाखवली आणि पुढचा तासभर शाहीर अर्ध्या आवाजात, म्हणजे कुजबुजत, मराठीत बोलत राहिला. मध्येच "टनेल" म्हणाला, तर आजींनीच कासवाच्या सुरात विचारलं, "टनेल म्हणजे काय रे बाळा?"

मराठी बोलायची सक्ती केली असती तर तो पाच मिनिटांत उठला असता. इथे पात्राची अडचण होती, त्यामुळे शब्द त्यालाच हवा होता.

सूत्रधारासाठी चार गोष्टी

या खेळात ठरलेली पाळी नसते, त्यामुळे मोठ्या आवाजाचं माणूस सगळा खेळ खाऊन टाकतं. पुस्तकातच एक पर्याय आहे: प्रत्येकाला तीन खुणा द्या. आपल्या तिन्ही वापरून झाल्या की इतरांच्या संपेपर्यंत थांबायचं.

मध्ये एक कोरा कागद ठेवा. गोष्ट कोणाला नको तितकी भीतीदायक वाटली तर त्याने कागदावर बोट ठेवायचं. 'का?' विचारायचं नाही, प्रसंग बदलायचा. मोठ्यांनाही हा कागद लागतो.

प्रत्येक गोष्टीला पान ओढायला लावू नका. दार उघडं असेल तर ते उघडतं. फसल्यावर काहीच बदलणार नसेल, तर पानांना हात लावण्यात अर्थ नाही. आणि मुलाने सुचवलेली कल्पना तुमच्या तयारीपेक्षा भारी निघाली तर ती मुकाट्याने चोरा. आमच्या गोष्टीतलं पाणी एका राक्षसाने नेलं होतं. मावशी म्हणाली, "नक्की कोणीतरी टँकर भरतंय." राक्षस त्याच क्षणी रद्द झाला.

दोन तास झाले की अधल्यामधल्या जागी थांबा. वहीत तीन ओळी लिहून ठेवा: कुठे थांबलो, कोणाकडे किती चिंचोके आहेत, सूत्रधाराकडे किती बटणं. आमच्या वहीत लिहिलंय: 'बोगद्याच्या तोंडाशी. शाहीर ३, लढवय्यी १, आजी २. बटणं ५.' आजी परत सांगलीला गेल्यात, त्यामुळे पुढचा भाग व्हिडिओ कॉलवर होईल. कॅट त्यांनी तिकडे काढून ठेवलाय, राजे बाजूला करून.