गाडीचे कूलंट : उन्हाळ्याच्या प्रवासाआधी घरीच करायची तपासणी

मे महिना आला की आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे गाडीनेच नाशिक-पुण्याकडे निघतात. इंदूरहून मानपूरचा घाट उतरायचा, खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट आणि मग धुळे. ४२-४३ अंशांचे ऊन, एसी चालू, पाच माणसे आणि डिकीभर सामान. परतताना मानपूरचा तोच घाट चढायचा असतो, आणि गाड्या तापतात त्या चढावरच.

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटला वाहून न्यावा लागतो. पंप ते इंजिनभर फिरवतो. इंजिन ८०-९० अंशांपर्यंत तापले की थर्मोस्टॅट उघडतो आणि गरम कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्याने व पंख्याने निवते. झाकण साधे दिसते, पण त्याला मोठे काम असते. ते आत दाब धरून ठेवते, त्यामुळे १०० अंशांच्या वर गेले तरी कूलंट उकळत नाही.

"ॲम्बेसिडरमध्ये आम्ही नळाचेच पाणी घालायचो," असे जुने लोक सांगतात, आणि ते खरेही आहे. पण तेव्हाची इंजिने ओतीव लोखंडाची होती, आता हेड ॲल्युमिनियमचे असते. आपल्या कॉलन्यांतले बोअरिंगचे पाणी किती जड आहे ते गीझरची कॉइल उघडली की कळते. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, त्यामुळे उघड्यावर पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. कूलंटमधले ग्लायकॉल उकळबिंदू वाढवते आणि त्यातली रसायने गंज थांबवतात.

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, गाडी सपाट जागी उभी करून करावी. टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेषा असतात, पातळी त्यांच्यामध्ये हवी. मी तारीख, किलोमीटर आणि पातळी वहीत लिहून ठेवतो. बँकेची सवय म्हणा! पण तिचा उपयोग होतो. ही यंत्रणा बंदिस्त असते, कूलंट असे सहज कमी होत नाही. दर महिन्याला थोडे थोडे घालावे लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. होजचे सांधे, क्लॅम्प, पंपाखालची जागा पाहावी. वाळलेले रंगीत डाग दिसतात. होज दाबून पाहावेत, भेगा पडलेले किंवा फुगलेले असतील तर बदलावेत. बाहेर कुठेच गळती दिसत नाही, तरी पातळी उतरते, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसतो, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. अशी गाडी प्रवासाला न नेता थेट मेकॅनिककडे न्यावी.

रंगावर विश्वास ठेवू नये. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग कंपनी आपापल्या मर्जीने देते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्यावा, दोन प्रकार मिसळू नयेत. तयार मिश्रण असेल तर तसेच घालावे. घट्ट कूलंट असेल तर साधारणपणे निम्मे डिस्टिल्ड वॉटर घालावे, ते बॅटरीच्या दुकानात मिळते. पूर्ण कूलंट घरी बदलण्याच्या मात्र मी बाजूचा नाही. भरताना आत हवा अडकली तर नवीन कूलंट घालूनही गाडी तापते.

रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकतात. गार इंजिनावर बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवावे. प्रेशर वॉशरने पातळ पाती वाकतात. मग इंजिन सुरू करून एसी लावावा आणि पुढचा पंखा फिरतो का ते पाहावे.

वाटेत काटा चढला किंवा लाल दिवा लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. उन्हाळ्यात हे वेडेपणाचे वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. "घरापर्यंत जाईल हळूहळू" म्हणून चालवत राहिले की हेड वाकते, आणि बिल हजारांत जाते. झाकण लगेच मुळीच उघडू नये. दाब सुटताच आतले कूलंट एकदम उकळून तोंडावर, हातांवर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा होज हाताला गार लागल्यावर जाड फडके धरून झाकण हळू फिरवावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

कूलंटची बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. अंगणात सांडलेले मांजर-कुत्री चाटतात, म्हणून लगेच भरपूर पाण्याने पुसून घ्यावे. जुने कूलंट नालीत न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.