आंब्यावरचं वटवाघूळ

आमच्या आळीत एक काकू राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पण बचत गटाच्या बैठकीला एक दिवस खाडा नाही. गेल्या श्रावणात मात्र त्या उशिरा आल्या, आणि हप्त्याचं पुस्तक काढायच्या ऐवजी त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेल्या पाटल्या काढल्या. "या ठेवून पंधरा हजार मिळतील का गं कुठे? पण घरात कोणाला कळता कामा नये."

नातीच्या नर्सिंगची फी भरायची होती, हे मला ठाऊक होतं. पण पैसे त्यासाठी नको होते. काकूंच्या सासऱ्यांनी बोटीवरून आणलेला एक दगडी आंबा घरात होता. जुन्या वस्तू घेणारा एक गृहस्थ तो बघून गेला होता. "हा चिनी जेड आहे, मिंग राजांच्या काळातला, चारशे वर्षं जुना, वीस-पंचवीस लाख कुठे गेले नाहीत," असं त्याने सांगितलं. फक्त मुंबईहून 'सर्टिफिकेट' आणायचं, त्याचे पंधरा हजार आधी द्यायचे, आणि वस्तूही त्याच्याकडेच सोपवायची. पावती? "विश्वास नाही का आजी तुमचा?"

पंचवीस लाखांचा आकडा घरात फिरला आणि काकूंची दोन मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली. थोरला म्हणे, म्हातारीला मी सांभाळतो, आंबा माझा. धाकटा म्हणे, आजोबांची वस्तू, समान वाटा. मैत्रिणींनो, वस्तू अजून विकलीही नव्हती हो! मी काकूंना म्हटलं, पाटल्या आठ दिवस घरीच ठेवा. आधी बघू तरी काय आहे ते.

आंबा मुठीत मावेल एवढा. पांढरट हिरवा, एका अंगाला तपकिरी डाग, आणि देठाजवळ चक्क पंख पसरलेलं वटवाघूळ! काकूंच्या सासूबाईंनी ते अशुभ म्हणून कधी बाहेर ठेवू दिलं नव्हतं. साठ-सत्तर वर्षं आंबा ट्रंकेत, जुन्या नऊवारीच्या घडीत. आपल्या कोकणात वटवाघूळ आंब्यावर बसणारच, त्यात नवल ते काय, असं मलाही वाटलं. पण तो आंबा नव्हताच. ते पीच होतं. चिनी लोकांत पीच म्हणजे दीर्घायुष्य. आणि त्यांच्या भाषेत वटवाघळाचा आणि सौख्याचा उच्चार एकच, 'फू'. म्हणून कपड्यांवर, भांड्यांवर, दगडावर ते हौसेने वटवाघूळ काढतात. म्हणजे सासूबाईंनी जन्मभर ट्रंकेत कोंडून ठेवला होता तो आयुष्याचा नि सुखाचा आशीर्वाद! हे सांगितल्यावर काकू जरा वेळ गप्पच बसल्या.

हे सगळं मला सांगितलं मुंबईच्या एका बाईंनी. दगडाच्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला. माझ्या आत्येबहिणीच्या शेजारी राहतात. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण चीनवर दोन धडे, तेही ऑप्शनला टाकलेले. या बाईंपाशी दोन दुपारी बसून मला जे कळलं, ते तीन वर्षांत कळलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे जेड हा एक दगड नव्हेच. दोन वेगळे दगड त्या एका नावाने ओळखले जातात. एक नेफ्राइट आणि दुसरा जेडाइट. ते वेगळे आहेत हे १८६३ साली दामूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. चीनमध्ये हजारो वर्षं कोरला गेला तो नेफ्राइट. त्यातला उत्तम माल खोतानच्या नद्यांतून यायचा. तिथल्या पांढऱ्याशुभ्र, तुकतुकीत दगडाला ते बकऱ्याच्या चरबीची उपमा देतात. सोनाराच्या दुकानात दिसतो तो पाचूसारखा हिरवागार जेड म्हणजे जेडाइट. तो ब्रह्मदेशातला, आणि चीनमध्ये त्याचा सुळसुळाट झाला अठराव्या शतकापासून. तेव्हा गडद हिरव्या जेडाइटची वस्तू दाखवून कुणी 'दोन हजार वर्षांपूर्वीची' म्हणालं, तर हसून चहा विचारावा आणि वाटेला लावावं.

शिवाय जेडच्या नावाखाली काय काय विकलं जातं! सर्पेंटाइन, शंखजिरं, रंगवलेली गारगोटी, साधी काच. आपल्याकडच्या हिरव्या अ‍ॅव्हेंच्युरिनला तर परदेशात 'इंडियन जेड' असंच म्हणतात.

मग आमचा आंबा, म्हणजे पीच, कसला? बाईंनी प्रयोगशाळेचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या गावात सराफ आहे ना? त्याचा काटा पुरे." हा प्रयोग मला इतका आवडला, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. वस्तू आधी नेहमीसारखी तोलायची. मग बारीक दोऱ्याने बांधून, पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी टांगून पुन्हा तोलायची. पाण्यात वजन कमी भरतं. जेवढं कमी भरलं त्याने मूळ वजनाला भागायचं. आमच्या सराफांनी सगळं काम बाजूला ठेवून हौसेने हे केलं. हवेत १४७.५ ग्रॅम, पाण्यात ९७.५. म्हणजे ५० ग्रॅमचा फरक. भागाकार आला २.९५. नेफ्राइटचा आकडा २.९ ते ३च्या दरम्यान येतो, जेडाइटचा ३.३च्या आसपास, गारगोटीचा २.६५, सर्पेंटाइनचा साधारण २.६. सगळं दुकान टाळ्या वाजवायचं बाकी होतं!

थोरल्या चिरंजीवांनी त्याआधीच स्वतःची परीक्षा उरकली होती. पीचच्या बुडाला विळीचं पातं घासलं होतं. तिथे करडी रेघ दिसत होती म्हणून ते खट्टू होते. बाईंनी ती रेघ ओल्या बोटाने पुसली, ती निघाली! दगडावर चरा पडलाच नव्हता, पात्याचंच लोखंड दगडाला लागलं होतं. नेफ्राइट पोलादापेक्षा कठीण. पण म्हणून कुणी घरच्या वस्तूला सुरी लावू नका. मऊ दगड निघाला तर कायमचा ओरखडा राहतो.

दगड खरा निघाला, तशी धाकट्यांच्या घरात आनंदीआनंद झाला. पण बाईंनी मला बजावलं, "दगड खरा म्हणजे वस्तू जुनी असं नाही." हीच तर खरी मेख आहे. दगड कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. त्यावर छिन्नी चालली ती सातशे साली की गेल्या मंगळवारी, हे दगड सांगत नाही. लाकूड-हाडांचं वय काढतात तशी कार्बनची चाचणी इथे चालत नाही.

खरं तर 'छिन्नी' हा शब्दही माझा चुकलाच. जेड कोरत नाहीत, घासतात. तो इतका चिवट की हत्याराने सुटत नाही. पायाने फिरवायच्या चाकावर धातूची चकती, तिच्यावर ओली कठीण वाळू, आणि तासन्‌तास, महिनोन्‌महिने घासणं. म्हणून जुन्या कामात रेघ किंचित हलते, सुरुवातीला नि शेवटी निमुळती होते. एक लांब वळण जवळून पाहिलं तर छोट्या छोट्या तुकड्यांचं जोडलेलं दिसतं. आज विजेवर भन्नाट फिरणाऱ्या, हिऱ्याची पूड लावलेल्या सुया आहेत. त्यांची रेघ सारख्या खोलीची, कडा धारदार, आणि अडचणीच्या जागा पॉलिश न करता खरखरीत सोडलेल्या. हाताने केलेल्या शेवया आणि यंत्राच्या शेवया आपण लांबूनच ओळखतो ना, तसंच. फक्त त्यासाठी शंभर खऱ्या वस्तू डोळ्याखालून जायला हव्यात. बाई मला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेल्या. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू तिथे आहेत, त्यांत जेडही आहे. आपण शिवाजी महाराजांच्या नावाच्या इमारतीत जातो आणि मूर्ती बघून परत येतो. पुढच्या वेळी चिनी दालनात थांबाच.

आता त्या तपकिरी डागाबद्दल. जमिनीत पुरलेल्या जेडवर शेकडो वर्षांत असे डाग येतात, दगड कुठे कुठे पांढरा पडतो. त्या गृहस्थाचा सगळा भर याच डागावर होता. पण डाग आणण्याची विद्याही चीनमध्ये फार जुनी आहे. पूर्वजांच्या घाटाच्या वस्तू नव्याने करण्याची हौस तिथे हजार वर्षांपूर्वीच्या सोंग काळापासून. दगड भाजून पांढरा करायचा, रंगात उकळायचा. जुन्या चिनी लिखाणात तर जिवंत मेंढीच्या मांडीत जेड शिवून ठेवायची कृतीसुद्धा सांगितली आहे. वाचताना अंगावर काटा येतो.

यात खुद्द बादशहाही फसला, बरं का. अठराव्या शतकातला चियानलोंग बादशहा जेडचा मोठा शौकीन. आपल्याकडच्या मुघल कारागिरांच्या कागदासारख्या पातळ जेडच्या वाट्यांवर तर तो इतका भाळला होता, की त्याने त्यांच्यावर कविता केल्या. त्याच्याकडे एक जेडचा प्याला होता, चांगला पुरातन वाटणारा. दरबारातल्या याओ झोंगरेन नावाच्या कारागिराला त्याने तो दाखवला, तर तो हसला. म्हणाला, हा तर माझ्या आजोबांनी केलेला! आणि त्याने कृतीही सांगितली. बारीक टोच्याने खड्डे पाडायचे, त्यावर अंबर चोळायचा आणि अगदी मंद आचेवर वर्षभर मुरवायचा. बादशहा मोठ्या मनाचा, त्याने हे सगळं स्वतः लिहून ठेवलं. आमच्याकडचा शिकलेला माणूस नकली साडी घेतली तरी बायकोला सांगत नाही!

अलीकडचा किस्सा तर आपल्या बायकांच्याच विषयातला. २०११च्या जानेवारीत बीजिंगच्या एका लिलावात जेडचं ड्रेसिंग टेबल आणि स्टूल विकलं गेलं. हान काळातलं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणून. किंमत २२ कोटी युआन. पुढे जिआंगसू प्रांतातल्या पिझोउच्या जेडवाल्यांनी सांगितलं, की हे आमच्याकडेच २०१० साली बनलंय. पण त्याआधी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं, की हान काळात लोक जमिनीवर चटई टाकून बसत. वेणीफणी करायला स्टुलावर बसणारी बाई तेव्हा होतीच कुठे? घरात कोण कसं बसतं-उठतं हे ज्याला कळतं, त्याला खोटी वस्तूही कळते, असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

खात्रीचा जेड तोच, ज्याचा कुळाचार माहीत आहे. १९७६ साली आन्यांगला फू हाओ या राणीचं थडगं सापडलं. उत्खननाच्या प्रमुख होत्या झेंग झेनश्यांग नावाच्या बाई. ही राणी साधीसुधी नव्हती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थिलेखांत ती सैन्य घेऊन लढाईवर गेल्याच्या नोंदी आहेत. तिच्या थडग्याला चोरांचा हात लागलेला नव्हता. आत जेडच्या ७५५ वस्तू! अशा वस्तूंशी ताडून बघूनच बाकीच्यांचं वय ठरवतात. पण गंमत बघा, त्यातल्या काही वस्तू राणीच्याही आधी हजारहून अधिक वर्षांपूर्वीच्या निघाल्या. म्हणजे राणीलासुद्धा जुन्या वस्तू जमवण्याचा नाद होता. थडग्याचं वय कळलं तरी वस्तूचं कळेलच असं नाही.

आमच्या पीचचा कुळाचार काकूंच्या ट्रंकेतच होता. नऊवारीखाली पत्रांचं पुडकं होतं, त्यात सासऱ्यांचं हाँगकाँगहून आलेलं १९३६चं पोस्टकार्ड. खुशालीनंतर शेवटी एक ओळ, तीन रुपयांस दगडाचा आंबा घेतला आहे, वर पाखरू आहे. बाईंनी भिंगातून पंखांखालच्या रेघा पाहिल्या होत्याच. काम पायचाकाचं, हाताचं. पण तपकिरी रंग फक्त भेगांत नि खोबणीत जमलेला, वरच्या वर. आतल्या दगडात उतरलेला नाही. म्हणजे बंदरावर येणाऱ्या खलाशांना, गोऱ्यांना विकण्यासाठी जुनाट दिसेलसा केलेला. वय शंभरच्या आगेमागे. मिंग वगैरे काही नाही. तीन रुपयांत मिंग कोण देतो हो खलाशाला?

त्या गृहस्थाला मी फोन लावला. म्हटलं, पुराणवस्तूंचा धंदा करायला १९७२च्या कायद्याने परवाना लागतो, तो घेऊन या, मग बोलू. परत काही तो आला नाही.

किंमत किती येईल, हे बाईंनी सांगितलं. तो आकडा इथे लिहीत नाही, कारण काकूंनी मुलांना तो सांगितलेला नाही. नातीच्या फीला पुरला नसता एवढं मात्र खरं. फीसाठी गटातून कर्ज दिलं, हप्ता काकू स्वतः भरतात. थोरल्यांना पोस्टकार्ड दाखवल्यावर ते वरमले. धाकट्यांचा अजूनही विश्वास नाही. बाईंना त्या गृहस्थाने फितवलं असेल, असं ते परवा हळदीकुंकवाला आलेल्या बायकोकरवी मला कळवते झाले.

काकूंनी ट्रंकेतून पीच काढून टीव्हीशेजारी ठेवलंय. आल्यागेल्याला त्या अजून 'आंबा'च म्हणतात. वटवाघळाकडे कुणी नाक मुरडलं की मात्र सांगतात, "अगं, ते पाखरू नव्हे, ते फू आहे."